कांद्याचे पापुद्रे आणि कव्हरवरची नावं

आज ज्या रेकॉर्डबद्दल बोलायचं आहे ती जुलै १९६७ मध्ये लंडनमध्ये निघाली. तिचं नाव लांबलचक आहे: ‘द फाइव्ह थाउजंड स्पिरिट्स ऑर द लेयर्स ऑफ द अनियन’. म्हणजे पाच हजार आत्मे, किंवा कांद्याचे पापुद्रे. बँडचं नाव ‘द इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड’. बँड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ड्रम, इलेक्ट्रिक गिटार, अंगावर येणारा आवाज असं काहीतरी येतं. इथे त्यातलं काही नाही. रॉबिन विल्यमसन आणि माइक हेरन असे एडिंबरोचे दोन विशी-पंचविशीतले तरुण, आणि त्यांच्याभोवती वाद्यांचा ढीग. गिटार, मँडोलिन, बासरी तर आहेतच, पण शिवाय मोरोक्कोची गिंब्री, आपली सतार आणि तंबोरा.

या रेकॉर्डबद्दल जे जे लिहिलं गेलं त्यात ‘विचित्र वाद्यं’ असा शब्द हटकून येतो. मला तो शब्द खटकतो. तुणतुणं एडिंबरोला नेलं तर विचित्र. तेच तुणतुणं गोंधळ्याच्या खांद्याला असलं तर आपण त्याकडे वळूनही बघत नाही. वाद्य मुळात विचित्र नसतं, ते आपल्या माणसांपासून लांब गेलं की विचित्र दिसायला लागतं. म्हणून आज वाद्यांबरोबर त्यांच्या मागची माणसंही शोधू. ती माणसं कव्हरवर आहेत का, तेही बघू.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. इंग्रजी ‘फोक’ आणि आपलं ‘लोकसंगीत’ हे दोन शब्द आपण सर्रास एकासाठी एक वापरतो, आणि घोटाळा होतो. आपल्याकडे वाघ्या-मुरळी, गोंधळी, शाहीर ही परंपरेनं चालत आलेली मंडळी. त्यांच्या कलेला व्रत आहे, कूळ आहे, जात आहे, देव आहे. १९६० च्या ब्रिटनमधलं ‘फोक’ हे बव्हंशी शहरातल्या तरुणांनी पुन्हा हाती घेतलेलं संगीत होतं. सेसिल शार्पसारख्या संग्राहकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खेड्यापाड्यांत फिरून गाणी टिपली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती गाणी दारूच्या गुत्त्यांच्या माडीवर भरणाऱ्या फोक क्लबांत गायली जाऊ लागली. गाणारे विद्यार्थी, कारकून, शिक्षक. म्हणजे परंपरा होती, पण ती पुस्तकातून आणि रेकॉर्डवरून शिकलेली.

अशा ठिकाणी ‘अस्सल काय’ यावर वाद होणारच, आणि तो कडाक्याचा झाला. इवन मॅकॉल हे त्या चळवळीतलं मोठं नाव. त्यांच्या लंडनच्या क्लबात १९६० च्या सुमारास एक नियम आला: गायकानं आपल्या भाषेतलं, आपल्या मुलखातलंच गाणं म्हणायचं. लंडनच्या पोरानं मिसिसिपीच्या शेतमजुराचा ब्लूज म्हणायचा नाही. नियमामागचा विचार हलका नव्हता. अमेरिकन संगीताच्या लाटेत आपली गाणी वाहून जातील ही भीती खरी होती. पण गंमत अशी की मॅकॉल हे स्वतः जन्मानं सॅलफर्डचे, म्हणजे इंग्लंडचे. आईवडील स्कॉटिश. आणि मूळ नाव जेम्स मिलर. (हशा) हसू नका, नावाचा मुद्दा आज आपल्याला पुन्हा पुन्हा लागणार आहे.

त्याच काळात एक गिटारवादक अगदी उलट्या दिशेनं निघाला होता. डेव्ही ग्रॅहम. वडील स्कॉटिश, आई गयानाची. तो मोरोक्कोला गेला, तिथल्या ऊद वादकांबरोबर बसला, आणि नेहमीच्या पद्धतीनं लावलेली गिटार त्या संगीतात बसेना म्हणून त्यानं तारा वेगळ्या लावल्या: डी-ए-डी-जी-ए-डी. आपल्या माणसाला हे पटकन कळेल. सहापैकी तीन तारा षड्जाच्या, दोन पंचमाच्या, एक मध्यमाची. म्हणजे गिटारीचा अर्धाअधिक तंबोराच झाला. आज जगभरचे गिटारवादक ही लावणी वापरतात. इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँडला ‘पूर्वेकडे पाहणारे पहिले’ वगैरे म्हणतात ते तितकंसं खरं नाही. वाट ग्रॅहमनं पाडून ठेवली होती.

आता बँडकडे. १९६५ च्या सुमारास रॉबिन विल्यमसन आणि क्लाइव्ह पामर ही जोडी स्कॉटलंडच्या क्लबांत वाजवत होती. विल्यमसन फिडल आणि बासरी, पामर बँजो. पुढे माइक हेरन त्यांना मिळाला. ग्लासगोच्या सौकीहॉल स्ट्रीटवर ‘क्लाइव्ह्ज इन्क्रेडिबल फोक क्लब’ नावाचा रात्रभर चालणारा क्लब होता, बँडचं नाव त्यावरून पडलं. जो बॉइड हा तरुण अमेरिकन तेव्हा इलेक्ट्रा या कंपनीसाठी ब्रिटनमध्ये नवे कलाकार शोधत होता. त्यानं त्यांना हेरलं आणि १९६६ मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली. ती ऐकली तर पुढे काय होणार याचा फारसा अंदाज येत नाही. बँजो, फिडल, गिटार. गाणी बरीचशी स्वतः रचलेली, पण वाद्यं त्या मुलखाला ओळखीची.

आणि रेकॉर्ड निघाल्यावर बँड मोडला. पामर निघाला अफगाणिस्तान-भारताच्या वाटेला. विल्यमसन त्याच्या मैत्रिणीबरोबर मोरोक्कोला गेला, परत यायचं असं काही ठरवून नव्हे. हेरन एडिंबरोतच राहिला. काही महिन्यांत विल्यमसनचे पैसे संपले आणि तो परतला. येताना त्यानं वाद्यं आणली. त्यांत गिंब्री होती.

या गिंब्रीपाशी जरा थांबू. मोरोक्कोत या नावाची वाद्यं एकाच मापाची नाहीत, लहान आहेत, मोठी आहेत. रचना साधारण अशी: लाकूड कोरून केलेलं पोकळ अंग, त्यावर ताणून बसवलेलं कातडं, त्या कातड्यावर टेकलेली घोडी, आणि तिच्यावरून गेलेल्या दोन किंवा तीन तारा. मोठ्या गिंब्रीवर तात असते, म्हणजे आतड्याची तार. ही मोठी गिंब्री गनावा लोकांचं मुख्य वाद्य आहे. गनावा म्हणजे सहारा वाळवंटापलीकडून गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज. त्यांच्याकडे रात्रभर चालणारा विधी असतो. त्यात गिंब्री वाजते, लोखंडी चिपळ्यांसारखी करताळं वाजतात, आणि अंगात येतं. आपल्या जागरण-गोंधळाची आठवण यावी असं हे सगळं आहे. वादक एकाच हातानं तार छेडतो आणि त्याच हाताची बोटं कातड्यावर आपटतो. स्वर आणि ताल दोन्ही एकाच हातात.

विल्यमसननं काय केलं? गज घेतला आणि गिंब्रीवर फिरवला! रेकॉर्डवरचं पहिलंच गाणं ‘चायनीज व्हाइट’. ते हेरनचं आहे, आणि त्यात गजानं वाजवलेली गिंब्री ऐकू येते. छेडायचं वाद्य घासून वाजवलं की कातड्यामुळे आवाजाला एक खरखर येते. सारंगीचा धूसर चुलतभाऊ म्हणा. मोरोक्कोच्या कुठल्याही उस्तादाला ते ऐकून कपाळाला हात लावावासा वाटेल. तरीही माझ्या मते या अख्ख्या रेकॉर्डमधली सर्वांत प्रामाणिक जागा हीच आहे. कारण विल्यमसन मोरोक्कन असल्याचा आव आणत नाही. मुळात तो स्कॉटिश फिडलवाला. हातात नवं वाद्य आलं आणि त्याच्या हातानं आपली जुनी सवय त्यावर चालवली. वाद्याचं व्याकरण त्याला येत नव्हतं, आणि ते येतंय असं त्यानं भासवलंही नाही.

ध्वनिमुद्रण झालं चेल्सीतल्या ‘साउंड टेक्निक्स’ स्टुडिओत. ही जागा म्हणजे पूर्वीची डेअरी. ध्वनिमुद्रक जॉन वुड, निर्माता जो बॉइड. दोघा माणसांना इतकी वाद्यं एका वेळी वाजवता येणं शक्यच नाही, तेव्हा एक वाद्य मुद्रित करायचं, ते ऐकत त्यावर दुसरं चढवायचं. रेकॉर्डच्या नावातले पापुद्रे असे कानालाही जाणवतात. डॅनी थॉम्प्सननं डबल बास वाजवला. पियानोवर जॉन हॉपकिन्स, तो लंडनच्या तेव्हाच्या भूमिगत चळवळीतला पुढारी. कव्हर ‘द फूल’ या डच चित्रकार गटानं रंगवलं आणि ते इतकं भडक आहे की त्या वर्षाची तारीखच त्यावर लिहिल्यासारखी वाटते. जॉन पील या रेडिओ निवेदकानं ही गाणी पुन्हा पुन्हा लावली आणि फोक क्लबाबाहेरचे श्रोते मिळाले.

आपल्या कानाला आणखी एक गोष्ट जाणवते, ती म्हणजे विल्यमसनचा गळा. दोन सुरांच्या मधून घसरत जाणारा, एकेका अक्षरावर चार-पाच वळणं घेणारा. इंग्रज समीक्षकांना तो कधी अरबी वाटला, कधी भारतीय. मला त्यात मुख्यतः स्कॉटलंड-आयर्लंडच्या जुन्या, साथीविना गाणाऱ्या गायकांची पद्धत दिसते. असो.

आता सतार. ‘द मॅड हॅटर्स साँग’ या गाण्यात सतार आणि तंबोरा वाजतो. १९६५ च्या अखेरीला बीटल्सच्या गाण्यात जॉर्ज हॅरिसननं सतार वाजवल्यापासून लंडनमध्ये सतारीचं पीक आलं होतं. दर दुसऱ्या रेकॉर्डवर कुणीतरी चार तारा झंकारून घेई. या रेकॉर्डवरची सतार वेगळी आहे. हात तयार आहे. गाणं तिच्यावरून पुढे सरकतं, ती नुसती अत्तर शिंपडल्यासारखी येत नाही. कोणाची आहे? कव्हरवर नाव आहे ‘सोमा’. बस, एवढंच. सोम, वेदातला.

सोमा म्हणजे नझीर जयराजभॉय. हे नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मुंबईच्या कुटुंबातले, जन्म १९२७ चा, इंग्लंडमधला. या रेकॉर्डच्या वेळी ते लंडन विद्यापीठाच्या पौर्वात्य आणि आफ्रिकी अभ्यास संस्थेत भारतीय संगीत शिकवत होते. १९७१ मध्ये त्यांचं ‘द राग्ज ऑफ नॉर्थ इंडियन म्युझिक’ हे पुस्तक आलं. भातखंड्यांच्या दहा थाटांपासून सुरुवात करून राग कसे बदलत गेले याची इतकी काटेकोर मांडणी त्याआधी इंग्रजीत क्वचितच झाली होती, आणि सोबत उदाहरणादाखल विलायत खाँ यांच्या सतारवादनाची रेकॉर्ड दिलेली होती. म्हणजे आपण ज्याला हिप्पी रेकॉर्डवरचा कुणी अनाम सतारिया समजतो, तो त्या विषयातला अव्वल पंडित होता.

त्याच उन्हाळ्यात, महिनाभर आधी, बीटल्सची ‘सार्जंट पेपर’ आली होती. तिच्यावरच्या हॅरिसनच्या गाण्यात दिलरुबा, तंबोरा, तबला आहे. वाजवणारे लंडनच्या ‘एशियन म्युझिक सर्कल’शी संबंधित भारतीय वादक. ही संस्था आयना अंगडी या भारतीय गृहस्थांनी आणि त्यांच्या इंग्रज पत्नीनं १९४६ मध्ये काढलेली. त्या वादकांची नावं कव्हरवर नाहीत. सगळी नावं उजेडात यायला जवळजवळ पन्नास वर्षं गेली. न्यायाला धरून सांगायचं तर रोजंदारीवर आलेल्या गोऱ्या व्हायोलिनवाल्यांचीही नावं तिथे नव्हती, तेव्हाची रीतच तशी. पण एक फरक आहे. व्हायोलिनवाला अनाम राहिला म्हणून व्हायोलिन ‘गूढ’ होत नाही. दिलरुबावाला अनाम राहिला की दिलरुबा कुठल्यातरी धुक्यातून आल्यासारखी होते. आणि ‘विचित्र वाद्य’ हा शब्द नेमका त्या धुक्यावर जगतो.

जयराजभॉय यांची पुढची कारकीर्द पाहिली तर या प्रश्नाला आणखी धार येते. ते कॅनडाला गेले, मग १९७५ पासून लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात. आणि १९८२ मध्ये आपल्या पुण्यात, हो, पुण्यातच, त्यांच्या पुढाकारानं ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’चं संगीत-संग्रहालय आणि संशोधन केंद्र सुरू झालं. पुढे ते दिल्लीकडे हललं. कल्पना साधी होती. परदेशी अभ्यासक भारतात येतात, गाणी मुद्रित करतात, टेपा आपल्या विद्यापीठात ठेवतात, आणि ज्यांनी गायलं त्यांना त्या पुन्हा ऐकायलाही मिळत नाहीत. त्या टेपांच्या प्रती भारतात परत आणायच्या. कोणी गायलं, कुठे, कधी, हे नोंदवून ठेवायचं.

१९८४ मध्ये ते आणि एमी कॅटलिन दक्षिण भारतात गेले. त्यांचे गुरू आर्नल्ड बाके यांनी १९३८ च्या सुमारास जिथे ध्वनिमुद्रण केलं होतं त्याच गावांत. जुनी मुद्रणं बरोबर घेऊन. जुने गायक हयात आहेत का, त्यांच्या घरी आज कोण गातं, तेच गाणं आता कसं गातात, हे त्यांनी पाहिलं आणि पुन्हा मुद्रित केलं. वाद्यामागच्या माणसाचं नाव शोधत सेहेचाळीस वर्षांनी त्याच्या दारात जाणारा हा माणूस. आणि ब्रिटिश पॉपच्या इतिहासात तो उरला ‘सोमा’ म्हणून.

मार्च १९६८ मध्ये बँडची पुढची रेकॉर्ड आली, ‘द हँगमन्स ब्यूटिफुल डॉटर’. हिच्यात वाद्यांची जत्राच आहे: ऊद, गिंब्री, मोरचंग, पॅनपाइप, हार्प्सिकॉर्ड, डल्सिमर. डॉली कॉलिन्सचा पाइपांचा छोटा ऑर्गन, जुन्या युरोपी नमुन्यावर घडवलेला. शहनाईही आहे, कव्हरवर तिचं स्पेलिंग ‘चहनाई’ असं झालंय. या वेळी सोमा नाही, सतार स्वतः हेरनच वाजवतो. सतारिया म्हणून तो कच्चा आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तरी ही रेकॉर्ड ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेली. इतकी अवघड गाणी इतक्या लोकांनी विकत घेतली हे आज कुणाला सांगूनही पटत नाही.

हिच्यात ‘अ व्हेरी सेल्युलर साँग’ नावाचं तेरा मिनिटांचं गाणं आहे. त्यात मध्येच बहामा बेटांवरचं, मृताला निरोप देतानाचं एक भजन येतं. ते त्यांनी घेतलं पिंडर कुटुंबाच्या रेकॉर्डवरून. बहामात १९६५ मध्ये पीटर सिगल आणि जोडी स्टेकर या दोन अमेरिकन तरुणांनी ते मुद्रित केलेलं. यातले स्टेकर पुढे झिया मोहिउद्दीन डागरांकडे धृपद शिकले. डागर म्हणजे पनवेलजवळच्या पळस्पे गावचं गुरुकुल ज्यांनी उभं केलं ते. जग लहान आहे म्हणतात ते असं.

त्याच गाण्याचा शेवट म्हणजे एक छोटासा आशीर्वाद. हेरननं रचलेला. आणि आता ऐका. अमेरिकेत १९६९ पासून योगी भजन यांनी कुंडलिनी योगाचे वर्ग सुरू केले. त्या वर्गांच्या शेवटी हा आशीर्वाद म्हणायची प्रथा पडली. आज जगभर हजारो लोक डोळे मिटून तो म्हणतात. कुणाला वाटतं ते प्राचीन आयरिश वचन आहे, कुणाला वाटतं ते भारतातून आलंय. एडिंबरोच्या एका तरुणानं १९६७ मध्ये लिहिलेल्या ओळी आहेत त्या! जी गत गिंब्रीवाल्याची, तीच अखेर हेरनची झाली.

पुढचं थोडक्यात. १९६९ च्या वुडस्टॉकला ते शुक्रवारी संध्याकाळी वाजवणार होते. पाऊस आला, त्यांनी नकार दिला, आणि दुसऱ्या दिवशी रॉक ऐकायला आलेल्या गर्दीपुढे त्यांना उभं राहावं लागलं. कोणी फारसं ऐकलं नाही. जो बॉइड यांनी आपल्या आठवणींत त्याची हळहळ मांडली आहे. नंतर इलेक्ट्रिक वाद्यं वाढली, माणसं वाढली, १९७४ मध्ये बँड संपला. विल्यमसननं मोरोक्कोहून आणलेल्या त्या गिंब्रीचं म्हणाल, तर ती पुढे उंदरांनी खाल्ली. कातडं आणि तात, दुसरं काय होणार!

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

*श्रोत्यांतून: पण मग ही सरळ चोरीच नाही का?*

नाही, मी चोरी म्हणणार नाही. वाद्य विकत घेऊन वाजवणं ही चोरी असेल तर आपली संगीत नाटकं पायपेटीसकट दोषी ठरतील. पायपेटी युरोपातून आली, आपण तिची घडण बदलली, ती बसून वाजवायला लागलो. व्हायोलिन कर्नाटकात मांडीवर आलं. माझी तक्रार वाजवण्याबद्दल नाही. बहामाच्या पिंडरांचं नाव आज आपल्याला ठाऊक आहे, कारण मुद्रण करणाऱ्यानं ते कव्हरवर छापलं. मोरोक्कोत विल्यमसनसमोर बसून ज्यानं कुणी गिंब्री वाजवली असेल, त्याचं नाव कुठेच नाही. माझा मुद्दा एवढाच आहे.

*श्रोत्यांतून: सुरुवात कुठून करावी?*

१९६७ च्या रेकॉर्डपासून. तेरा गाणी आहेत. पहिलं आणि चौथं आधी ऐका, म्हणजे गिंब्री आणि सतार कानात बसेल. मग आठवं, ते साळिंदराचं गाणं. ते हलकंफुलकं आहे, कँटरबरीचे माजी आर्चबिशप रोवन विल्यम्स यांचं ते आवडतं. आणि शेवटचं चुकवू नका: १९६७ साली लिहिलेलं गाणं, आणि त्यात एक म्हातारा १९६० च्या दशकाच्या आठवणी सांगतोय. वेळ आहे ना आपल्याला? मग पहिलं आत्ताच लावू. गिटारच्या मागून येईल ती गिंब्री. आवाज जरा वाढवा.